मैदानावरचे उस्ताद : सय्यद अब्दुल रहीम



मुलाचे प्रगतिपुस्तक घरी आले की आपण प्रथम काय पाहतो? गणित, विज्ञान, इंग्रजी. सर्वांत खाली ‘शारीरिक शिक्षण’ असा एक रकाना असतो. तिथपर्यंत आपली नजर क्वचितच पोहोचते. शाळेतही फार वेगळे चित्र नसते. परीक्षा जवळ आली की पहिला गळतो तो पी. टी. चा तास. आणि पी. टी. चे सर म्हणजे रांगा लावणारे, शिट्टी वाजवणारे, स्नेहसंमेलनाच्या दिवशी खुर्च्या मांडून घेणारे गृहस्थ, अशी आपली समजूत असते.

अशाच एका शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची कारकीर्द आज आपल्यापुढे ठेवायची आहे. हे शिक्षक हैदराबादचे. नाव सय्यद अब्दुल रहीम. त्यांनी भारताच्या फुटबॉल संघाला १९५१ आणि १९६२ अशी दोन वेळा आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदके मिळवून दिली आणि १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये उपान्त्य फेरीपर्यंत नेले. या तीनही गोष्टी भारताला त्यांच्यानंतर एकदाही साधलेल्या नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे नव्या पिढीला त्यांचे नाव कळले, ही समाधानाची बाब आहे. पण चित्रपटाला रंग भरावे लागतात. आपण इथे त्यांची साधी, नोंदीतली हकीकत पाहू. तीच पुरेशी बोलकी आहे.

शाळामास्तर

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. तेव्हा तेथे निजामाचे राज्य होते. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ सालची. उर्दूतून उच्च शिक्षण देणारे ते विद्यापीठ त्या काळी नव्या उमेदीने चालले होते. रहीम तेथे शिकले, विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळले आणि कला शाखेचे पदवीधर झाले.

पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल या शाळांशी त्यांचा संबंध आला. पुढे त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि दारुल उलूम व चादरघाट या शाळांतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. येथे क्षणभर थांबून विचार करा. पदवीधर माणूस, वर्गात विषय शिकवणारा शिक्षक. त्या काळी पदवीला केवढी किंमत होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. असा माणूस फळा सोडून मैदानावर गेला. हे पाऊल त्यांनी विचारपूर्वक उचलले आणि त्यासाठी रीतसर शिक्षणही घेतले. खेळ शिकवायचा तर तोही आधी शिकावा लागतो, हा त्यांच्या कारकिर्दीचा पहिला धडा आहे.

खेळाडू म्हणून ते हैदराबादच्या स्थानिक स्पर्धांत नावाजलेले होते. कमर क्लब या त्या काळच्या चांगल्या संघातून ते खेळत. मात्र त्यांची खरी ओळख खेळाडूची नव्हे. १९४३ च्या सुमारास हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले आणि पुढे अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे वीस वर्षे, त्यांनी संघटनेचे काम सांभाळले. दिवसा शाळा, संध्याकाळी मैदान, रात्री संघटनेचा पत्रव्यवहार असा हा संसार होता.

१९४८ नंतरचे हैदराबाद

रहीमसाहेबांचे मोठेपण समजण्यासाठी त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागेल. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्या उलथापालथीत शहरातील मुस्लिम समाजाची घडी विस्कटली. संस्थानी नोकऱ्यांवर ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्या पोट होते अशा अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. काही कुटुंबांनी पाकिस्तानची वाट धरली. जी मागे राहिली त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता : आता आपले आणि आपल्या मुलांचे काय होणार? या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील दुःख खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

त्याच दिवसांत हा शाळामास्तर आपले काम करीत राहिला. १९५० साली तो हैदराबाद सिटी पोलीस संघाचा प्रशिक्षक झाला आणि त्याच वर्षी हा संघ मुंबईला रोव्हर्स चषकासाठी आला.

रोव्हर्स चषक आता इतिहासजमा झाला आहे. म्हणून विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द सांगतो. १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही स्पर्धा देशातील सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. कुलाब्याजवळच्या कूपरेज मैदानावर तिचे सामने होत आणि देशभरातील नामवंत संघ त्यासाठी येत. कलकत्त्याचे संघ म्हणजे फुटबॉलचे मानकरी, अशी तेव्हाची समजूत. त्या कूपरेजवर हैदराबाद पोलिसांनी १९५०, १९५१, १९५२, १९५३ आणि १९५४ असा सलग पाच वर्षे चषक जिंकला! दिल्लीच्या ड्यूरँड स्पर्धेतही या संघाने १९५०, १९५४, १९५७ आणि १९६१ साली बाजी मारली. अखेरच्या विजयापर्यंत संघाचे नाव आंध्र प्रदेश पोलीस असे झाले होते. हैदराबादच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष चषक १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे मिळवला. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर आपलाच मुंबईचा संघ होता.

आणि १९५१ मध्ये, विलीनीकरणाला तीन वर्षेही पुरती झालेली नसताना, देशाने आपला राष्ट्रीय संघ याच हैदराबादी शिक्षकाच्या हाती दिला. त्याने त्यासाठी ना कुणाची शिफारस मिळवली, ना तक्रारीचा अर्ज केला. त्याचे काम लोकांनी कूपरेजवर आणि दिल्लीत डोळ्यांनी पाहिले होते. वाचकहो, या गोष्टीचा आपण वारंवार विचार करावा असे मला वाटते. प्रतिकूल काळात माणसाला आपल्या हुन्नराचा केवढा आधार असतो, याचे हे उदाहरण आहे.

कच्चा पाय

आता त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीकडे वळू. शिक्षकांनी आणि पालकांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा.

आपल्याकडे फुटबॉल म्हणजे चेंडू पायाशी घोळवत, एकाला चुकव, दुसऱ्याला चुकव, असे करीत पुढे जाणे. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि खेळाडूही खूश होतो. पण तोवर प्रतिपक्षाचे खेळाडू आपापल्या जागी येऊन उभे राहिलेले असतात. रहीमसाहेबांनी हे दुखणे ओळखले. त्यांनी हैदराबादेत अशा स्पर्धा भरवल्या की ज्यांत चेंडू घोळवत नेण्यास बंदी! चेंडू आला की थांबवायचा आणि लगेच मोकळ्या साथीदाराकडे द्यायचा. पहिल्या पहिल्यांदा मुलांना हे जाचक वाटले असेल. पण यामुळे चेंडू येण्याआधीच मान वर करून पाहण्याची सवय लागते. माझा साथीदार कुठे आहे, मोकळी जागा कुठे आहे, याचा हिशेब डोक्यात सुरू राहतो.

दुसरी युक्ती याहून नामी. बहुतेक मुलांचा एक पाय पक्का असतो, दुसरा कच्चा. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या बाजूला चेंडू आला की गोल फिरून तो उजव्या पायावर घेतो आणि त्यात संधी निघून जाते. रहीमसाहेबांनी मुलांसाठी केवळ कच्च्या पायाने खेळण्याच्या स्पर्धा घेतल्या. पक्क्या पायाने चेंडू मारायचाच नाही. यामागचे तत्त्व कोणत्याही वर्गशिक्षकाला पटेल. मुलाला जे येते तेच त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतले तर तो खूश राहतो, पण पुढे सरकत नाही. जे येत नाही ते करायला लावावे; मात्र तेथे सगळेच सारखे अडखळत असावेत, म्हणजे कुणाला लाज वाटत नाही. कच्च्या पायाच्या स्पर्धेत हसणार कोण आणि कुणाला? सगळ्यांचीच तीच गत!

मुले निवडतानाही त्यांची नजर शिक्षकाची होती. तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या गरीब कुटुंबातील मुलगा. खेळ अव्वल, पण सरावासाठी रोज हैदराबादेत यायला पैसे नाहीत. रहीमसाहेबांनी त्याच्यासाठी सायकलची सोय केली, असे बलराम यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितले. हाच मुलगा १९५६ आणि १९६० अशी दोन ऑलिंपिक खेळला. एका सायकलीचा खर्च तो कितीसा? आपल्या शाळांतही अशी मुले आहेत, ज्यांच्या आणि पुढच्या आयुष्याच्या मध्ये एवढेच अंतर असते. ते ओळखणारा कुणी लागतो.

दिल्लीचे सुवर्ण, हेलसिंकीचा धडा

मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-० असे हरवले आणि अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलने इराणवर १-० असा विजय मिळवला. आशियाई फुटबॉलचे पहिले सुवर्णपदक भारताला मिळाले.

पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. त्या वेळी आपले अनेक खेळाडू अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून खेळत. आपल्या उन्हाळी, कोरड्या मैदानांवर ते निभावून जाई. फिनलंडच्या थंडीत आणि ओल्या गवतावर निभावले नाही. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

हा पराभव मी मुद्दाम सांगतो आहे. थोर माणसांच्या चरित्रांतून पराभव गाळण्याची आपल्याला सवय आहे आणि मग मुलांना वाटते की मोठी माणसे कधी हरतच नाहीत. रहीमसाहेब हरले, आणि दहा गोल खाऊन हरले. चार वर्षांनंतर ते ज्या ऑलिंपिकला गेले तेथे काय झाले ते आता पाहा.

मेलबर्न

१९५३ च्या नोव्हेंबरात हंगेरीच्या संघाने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असे हरवले. इंग्लंडचा अभिमान धुळीस मिळवणाऱ्या त्या सामन्याची जगभर चर्चा झाली. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड पुढे उभा न राहता मागे येऊन खेळत होता आणि त्याला अडवायचे कुणी, हेच इंग्रजांना उमगत नव्हते. रहीमसाहेबांनी या खेळाचा अभ्यास केला.

भारतात तोवर जुनी मांडणी रूढ होती : दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड. रहीमसाहेबांनी ती बदलत बदलत चार बचावाला, दोन मध्यात आणि चार आघाडीला अशी मांडणी आणली. मधल्या दोघांनी गरजेप्रमाणे मागे-पुढे धावायचे. १९५८ मध्ये ब्राझीलने स्वीडनमधील विश्वचषक याच ४-२-४ पद्धतीने जिंकला आणि मग ती जगभर गाजली. हैदराबादच्या शाळामास्तराने ती त्याआधीच आपल्या मुलांकडून घोटवून घेतली होती. आणि मागच्या परिच्छेदांतील स्पर्धा येथे कामी आल्या. पटकन चेंडू देण्याची आणि दोन्ही पाय वापरण्याची सवय नसती, तर ही मांडणी कागदावरच राहिली असती.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची पहिली लढत हंगेरीशी होती. पण देशातील उठाव आणि सोव्हिएत आक्रमण यांमुळे हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारत पुढच्या फेरीत गेला. तेथे गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच भूमीवर ४-२ असे हरवले. त्यांतील तीन गोल केले नेव्हिल डिसूझाने. मूळचा गोव्याचा आणि मुंबईच्या मैदानांवर खेळणारा हा खेळाडू ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई देश.

उपान्त्य सामना युगोस्लाव्हियाशी होता. होय, तोच हेलसिंकीचा संघ. उत्तरार्धात नेव्हिलने गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. ती टिकली नाही. भारत १-४ असा हरला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असा विजय मिळवला आणि भारताला चौथा क्रमांक मिळाला. पदक हुकले हे खरे. पण ज्यांनी चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवले त्यांच्याविरुद्ध भारत काही मिनिटे का होईना आघाडीवर होता. शिकलेला धडा असा दिसतो.

रोम आणि एक राखीव खेळाडू

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी. हंगेरीकडून भारत १-२ असा हरला, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेरूकडून १-३ असा पराभव झाला. पुढची फेरी मिळाली नाही. पण युरोपातील दोन बलाढ्य संघांना भारताने घाम फोडला.

या संघात सय्यद शाहिद हकीम नावाचा एक तरुण होता. तो प्रशिक्षकांचा मुलगा. तीन सामने झाले. त्याला एकाही सामन्यात मैदानावर उतरवले गेले नाही. ऑलिंपिकमध्ये नुसते काही मिनिटे खेळले तरी आयुष्यभर नावापुढे ते लागते. मुलासाठी वडिलांनी एवढे करायला हरकत काय, असे आपल्यापैकी कितीजण म्हणतील! रहीमसाहेबांनी ते केले नाही.

हकीमसाहेबांनीही त्याचा राग धरून खेळ सोडला नाही. ते भारतीय हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले आणि पुढे प्रशिक्षक झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत ते भारतीय संघाचे साहाय्यक प्रशिक्षक होते. १९९८ मध्ये मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र संघाने ड्यूरँड चषक जिंकला तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक हेच. २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

जकार्ता, १९६२

आता अखेरच्या आणि सर्वांत मोठ्या अध्यायाकडे येऊ. १९६२ च्या आशियाई स्पर्धा इंडोनेशियात जकार्ता येथे झाल्या. रहीमसाहेबांच्या शरीरात तोवर फुफ्फुसाच्या कर्करोगाने घर केले होते.

सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. मग भारताने थायलंडला ४-१ असे नमवले. पण त्या सामन्यात बचाव फळीचा आधारस्तंभ जर्नैल सिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके घालावे लागले. जपानवर २-० असा विजय मिळवून भारत उपान्त्य फेरीत गेला.

येथे रहीमसाहेबांनी असा निर्णय घेतला की ऐकणारा चकित व्हावा. डोक्याला टाके पडलेल्या जर्नैलला त्यांनी बचावातून काढून थेट आघाडीवर, सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळवले. लोकांना हा जुगार वाटला असेल. पण महाविद्यालयात असताना जर्नैल आघाडीला खेळत असे, हे उस्तादांना ठाऊक होते. चांगल्या शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्याचे मागचे इयत्तांतले गुणही आठवतात! दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या त्या सामन्यात जर्नैलने गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकून अंतिम फेरीत गेला. पुन्हा गाठ दक्षिण कोरियाशीच.

मैदानाबाहेरची हवा तापलेली होती. यजमानांनी इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश दिला नव्हता. असे असेल तर या स्पर्धांना आशियाई स्पर्धा म्हणता येणार नाही, अशी भूमिका आशियाई स्पर्धांचे एक जनक, भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी घेतली. त्यामुळे जकार्तातील लोक भारतावर संतापले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. या वादाशी अकरा फुटबॉलपटूंचा काय संबंध? पण राग त्यांच्या वाट्याला आला.

सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी मुलांकडे एक भेट मागितली : उद्या सुवर्णपदक जिंकून द्या. त्या संघातील खेळाडू पुढे पन्नास वर्षे ही आठवण सांगत राहिले.

४ सप्टेंबर १९६२. सेनायन स्टेडियमवर सुमारे एक लाख प्रेक्षक आणि जवळजवळ सगळे भारताच्या विरोधात. त्या गर्दीत भारताच्या बाजूने आवाज देणारा एक छोटा गट होता, असे भारतीय खेळाडूंनी सांगितले आहे. तो होता पाकिस्तानच्या हॉकी संघाचा. याच स्पर्धांत हॉकीच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारताला हरवले होते. फुटबॉलच्या मैदानावर मात्र ते भारतासाठी ओरडत होते. खेळ माणसांना कसा जोडतो यावर व्याख्याने देण्यापेक्षा ही एक आठवण मुलांना सांगावी.

१७ व्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जींनी गोल केला. २० व्या मिनिटाला जर्नैलने दुसरा केला. थंगराज गोलरक्षणाला होता. फ्लूने आजारी असूनही उस्तादांनी त्याच्यावर भरवसा टाकला होता. शेवटची पाच मिनिटे उरली असताना कोरियाने एक गोल फेडला, पण तेवढाच. भारत २-१ असा विजयी झाला. कर्णधार चुनी गोस्वामी बंगालचे, जर्नैल पंजाबचे, बलराम व युसूफ खान हैदराबादचे. संघात मुंबईच्या टाटा संघातून खेळणारे, मूळ गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँकोही होते. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, घरची परिस्थिती वेगळी. आणि या सर्वांचे उस्ताद एक.

अखेर आणि त्यानंतर

जकार्ताच्या विजयानंतर नऊ महिने झाले. ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेबांचा इंतकाल झाला. वय अवघे ५३.

भारताने त्यानंतर आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्ण जिंकलेले नाही. १९७० मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळाले, तेच अखेरचे पदक. १९६० नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत पोहोचलेला नाही. हैदराबादच्या फुटबॉलची गती काही वर्षे टिकली. १९६५-६६ चा संतोष चषक आंध्रने जिंकला. पुढे ती ओसरली. उत्कृष्ट प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, तेव्हा रहीमसाहेबांना जाऊन बावीस वर्षे झाली होती.

असे का व्हावे? लोक म्हणतात, तसा माणूस पुन्हा झाला नाही. हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच अपुरे आहे. रहीमसाहेब आकाशातून पडले नव्हते. एका विद्यापीठाने त्यांना पदवी दिली, शाळांनी त्यांना मैदान आणि पगार दिला, पोलीस दलाने मुलांना नोकऱ्या दिल्या, स्थानिक संघटनेने स्पर्धा भरवल्या. यांतील प्रत्येक गोष्ट माणसांनी उभी केली होती. त्यांच्या हाताखालची मुले खेळाडू झाली आणि प्रदीपकुमार बॅनर्जींसारखे काही जण पुढे नामवंत प्रशिक्षकही झाले. ते आपल्या उस्तादांचे ऋण सतत मान्य करीत. पण शाळेशाळेतून लहान मुलांना शिकवणारा, पदविका घेतलेला, कच्च्या पायाच्या स्पर्धा घेणारा शिक्षक तयार करण्याची व्यवस्था उभी राहिली नाही. वरचे मजले राहिले. पाया कुणी भरला नाही. विहीर एकाने खणली, सर्वांनी पाणी प्याले, दुसरी खणायचे मात्र राहून गेले.

आपल्यासाठी

पालकहो, तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे : “खेळून पोट भरणार आहे का?” प्रश्न रास्त आहे. महागाईच्या दिवसांत तो विचारणाऱ्या बापाला कुणी दोष देऊ नये. सगळीच मुले फुटबॉलपटू होणार नाहीत, आणि व्हावीतही कशाला? पण रहीमसाहेबांच्या चरित्रात अभ्यास आणि खेळ यांचे भांडण कुठेच नाही. ते पदवीधर होते, शिक्षक होते. खेळाकडेही त्यांनी अभ्यास म्हणूनच पाहिले. संध्याकाळी एक तास मैदानावर गेलेल्या मुलाची पुस्तके पळून जात नाहीत. आणि हे मी मुलींबद्दलही म्हणतो आहे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येकाला एक कच्चा पाय असतो. कुणाचा गणितात, कुणाचा इंग्रजीत, कुणाचा चारचौघांत उभे राहून बोलण्यात. आपण सगळे त्याला टाळून, गोल फिरून, पक्क्या पायावर चेंडू घेत असतो. आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि फक्त कच्च्या पायाने खेळा. अडखळाल, पडाल. चालेल. सहा महिन्यांनी फरक पाहा.

आणि शिक्षणसंस्था चालवणाऱ्या आपल्या सर्वांना एक विनंती. नवी इमारत बांधताना मैदानाची जागा आधी आखा. खोल्या नंतर वाढवता येतात, गेलेले मैदान परत मिळत नाही. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला खुर्च्या मांडण्याच्या कामातून मोकळे करा, त्याला प्रशिक्षणासाठी पाठवा, त्याच्या तासाला हात लावू नका. जो मान गणिताच्या शिक्षकाला देता तोच त्याला द्या. चादरघाटच्या शाळेत शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या एका शिक्षकाने काय करून दाखवले, ते आपण आताच वाचले आहे. तुमच्या शाळेच्या मैदानावर आज कोण उभे आहे, याची चौकशी उद्या सकाळी जरूर करा.